आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण

शाळेत वाचलेल्या धड्याकवितांनी आपल्याला घडवलं असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. माझी आत्या तसं मानत नाही. तिने जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत उभी हयात मराठी शिकवलं. मी निफाड तालुक्यात एका बँकेत पीककर्जाचं काम बघतो. साहित्याची बाजू तिने मांडायची आणि शंका मी काढायच्या, असं कुणालाही वाटेल. आमच्यात ते उलटं आहे. दिवाळीत तिच्याकडे गेलो असताना या विषयावर आमचं जे बोलणं झालं ते इथे जमेल तितकं तसंच्या तसं उतरवलं आहे. तिचं सगळं मला पटलेलं नाही. पण त्यानंतर माझा मुद्दा मला पूर्वीसारखा मांडता येत नाही, हेही खरं.

आत्या : तू आठवणीला परिणाम म्हणतोस, तिथेच माझा तुझा झगडा आहे. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात, मला बोलावतात. पन्नाशीची माणसं उभी राहून बालकवींची कविता घडाघडा म्हणतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. मला वाटतं, ते डोळे कवितेसाठी भरत नाहीत, चौदाव्या वर्षासाठी भरतात. तो वर्ग, ते मित्र, ज्यात आईबापं तेव्हा हयात होती ते घर. कविता मध्ये असते एवढंच.

मी : तसं असतं तर भूगोलाच्या पुस्तकातली पानंही तितकीच आठवली असती. तेही त्याच वर्गात, त्याच वयात वाचलं होतं.

आत्या : भूगोलाला चाल नसते.

मी : चाल 'लाल चिखल'लाही नव्हती. भास्कर चंदनशिवांची ती कथा आम्हाला दहावीला होती. टोमॅटोचा भाव पडतो, बाजारात माल घेऊन बसलेला बाप शेवटी आपणच पिकवलेला टोमॅटो पायाखाली तुडवतो, त्याचा चिखल होतो, आणि शाळेत जाणारा त्याचा मुलगा ते बघत असतो. परीक्षेत त्यावर काय विचारलं होतं, मला आठवत नाही. सरांनी काय सांगितलं होतं तेही नाही. बघणारा तो मुलगा मात्र माझ्याबरोबर नोकरीत आला.

आत्या : म्हणजे काय झालं, ते नीट सांग.

मी : २०२३ आठव. जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता. शेतकरी लखपती झाले म्हणून बातम्या आल्या. सप्टेंबरात भाव कोसळला. वीस किलोचं कॅरेट बाजारात नेऊन तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं सुटेना, लोकांनी माल रस्त्यावर ओतला. जुलैचा भाव बघून ज्यांनी लागवड वाढवली होती त्यांचा माल नेमका तेव्हा निघत होता. त्या दिवसांत आमच्याकडे माणसं कर्ज नवं-जुनं करायला येत होती. बरोबर मुलगा किंवा मुलगी, कारण घरात अर्ज वाचणारं तेच. बाप समोर बसून थकबाकी का राहिली ते सांगतो, आवाज खाली जात जातो, आणि शेजारी ते पोर टेबलाच्या कडेकडे बघत बसतं. आमच्या प्रशिक्षणात सातबारा कसा वाचायचा, मुदत कशी वाढवायची, सगळं शिकवलं. शेजारच्या खुर्चीतल्या पोराकडे बघायला कुणी शिकवलं नाही. ते मला त्या कथेने शिकवलं. मी पोराला झेरॉक्स काढायला पाठवतो, किंवा बाहेर शिपायाशी बोलत बसवतो. थकबाकीचं बोलणं त्याच्या माघारी करतो. मग त्याला आत घेतो आणि पुढचे हप्ते कसे बसवायचे ते दोघांना मिळून समजावतो.

आत्या : चांगलं करतोस. पण ते तू कथेमुळे करतोस हे कशावरून? तुझी आई दारात आलेल्या माणसाला त्याच्या पोरांदेखत कधी काही बोलली नाही. ते वळण तुझ्यात तिथून आलं असेल.

मी : वळण आईचं असेलही. कुठे बघायचं ते कथेने सांगितलं.

आत्या : बरं. तुझ्या वर्गात चाळीस-पन्नास पोरं असतील. सगळ्यांनी तीच कथा वाचली. त्यातला एखादा पुढे आडतीत गेला असेलच. लिलावात तो शेतकऱ्याचा माल पाडून मागत नसेल? त्याच्यावर का नाही झाला परिणाम?

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आताही अर्धंच आहे. एकच मजकूर सगळ्यांवर सारखा काम करत नाही, हे तर उघड आहे. पण त्यावरून तो कुणावरच काम करत नाही असं ठरत नाही. मी तिला इतकंच म्हणालो की त्या आडत्याला विचारून बघितलं पाहिजे. माल पाडून मागताना त्यालाही ती कथा आठवत असेल, आणि आठवूनही तो तसं करत असेल. आत्याला हे उत्तर आवडलं नाही. आठवूनही माणूस तसाच वागणार असेल तर त्या आठवणीचं काय करायचं, असं ती म्हणाली. मला मात्र त्या आडत्याच्या मनात ती कथा असणं आणि नसणं, यात फरक वाटतो. तो फरक भावात दिसत नसेल, म्हणून तो नाहीच असं मी म्हणणार नाही.

आत्या : तुला शाळेची बाजू आतून दाखवते. २०१८ साली दहावीचं पुस्तक बदललं आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. ऐंशी गुणांची. गद्याला अठरा, पद्याला सोळा, स्थूलवाचनाला सहा. म्हणजे ऐंशीतले चाळीस गुण साहित्याचे. वाईट नाही. हेतूही चांगला होता, पोराने स्वतः विचार करून लिहावं. कवितेच्या कृतीत एक मुद्दा असा दिला होता : कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण. मला तो वाचून फार आनंद झाला होता. पहिल्यांदा कुणीतरी दहावीच्या पोराला अधिकृतपणे सांगत होतं की कविता तुला आवडली नाही तरी चालेल, फक्त का ते सांग.

मी : मग?

आत्या : मी तपासलेल्या पेपरांत ‘आवडली नाही’ असं कुणीही लिहिलं नाही. एकानेही नाही. सगळ्यांना सगळ्या कविता आवडल्या, आणि त्याही एकाच कारणाने, एकाच वाक्यात, गाईडात छापलेल्या. ज्या पोरांनी वर्गात तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं होतं, त्यांनीही तेच लिहिलं. दोन गुणांसाठी कोण धोका पत्करणार? आता सांग, ज्या पोराला आपलं मत असणं परवडत नाही त्याच्यावर साहित्याचा कसला परिणाम होणार? परिणाम व्हायला आधी समोर माणूस लागतो. आपण तिथे उत्तरपत्रिका बसवतो.

मी : पण तोंड वाकडं केलं होतं ना? तेही परिणामच आहे. ते पेपरात आलं नाही म्हणून पुसलं गेलं असं नाही.

आत्या : हे मात्र तू बरोबर बोललास.

मी : बालकवींची 'औदुंबर' घे. आठ ओळींची कविता. गाव, शेतं, पायवाट, पाणी, आणि शेवटी ते झाड. सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं की ही निसर्गकविता आहे. मला ती वाचताना भीती वाटली होती. का, ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही आणि निसर्गाचं वर्णन लिहून गुण घेतले. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की त्या आठ ओळींवर मोठमोठे समीक्षक वर्षानुवर्षं वाद घालत आलेत. कुणाला त्यात उदासी दिसली, कुणाला विरक्ती. सत्तावीस वर्षांचा कवी १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली गेला, हेही तेव्हाच वाचलं. मला वाटलेली भीती खोटी नव्हती. फळ्यावरचं उत्तर केव्हाच गेलं, भीती राहिली.

आत्या : म्हणजे शिक्षकाने सांगितलेलं गेलं आणि न सांगितलेलं राहिलं. मग मी इतकी वर्षं काय केलं?

हे तिने हसत विचारलं नव्हतं. मी म्हणालो, ते फळ्यावर लिहिणारे सरच नसते तर कविता माझ्यापर्यंत पोचलीच नसती. आमच्या घरी पंचांग आणि पाठ्यपुस्तकं सोडून दुसरी पुस्तकं नव्हती. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मराठी साहित्य दारातून आत येतं ते बालभारतीच्या पिशवीतूनच. शहरातल्या, पुस्तकांनी भरलेल्या घरातल्या माणसांना शाळेतल्या धड्यांचं महत्त्व कमी वाटतं, कारण त्यांना दुसरी दारं होती.

आत्या : त्या पिशवीत काय असतं ते कोण ठरवतं, याचा तू विचार केला आहेस का? तुझ्याआधीच्या पिढ्या नवयुग वाचनमालेवर वाढल्या. आचार्य अत्रे पुण्यात हेडमास्तर होते, त्यांनी १९३०च्या दशकात ती काढली. त्याआधीची क्रमिक पुस्तकं कोरडी होती. अत्र्यांनी मुलांना हसवणारं, रडवणारं वाचायला दिलं. ते उपकार मी मानते. पण त्यातलंच 'दिनूचे बिल' घे.

मी : माझ्या वडिलांना ती गोष्ट अजून तोंडपाठ आहे. डॉक्टरचा मुलगा. बाबा रोग्यांना बिल पाठवतात ते बघून आईला बिल करतो, अमक्या कामाचे इतके, तमक्याचे तितके. आई पैसे ठेवते आणि शेजारी आपलं बिल ठेवते. वाढवलं, आजारपणं काढली, त्याचे पैसे काही नाहीत. मुलगा रडतो आणि पैसे परत करतो.

आत्या : तुझे वडील माझे सख्खे भाऊ. आम्ही दोघांनी ती गोष्ट एकाच घरात ऐकली. तो रडला, मीही रडले. त्याच्या मनात राहिलं की आईचे उपकार फिटत नाहीत. माझ्या मनात काय राहिलं? आईच्या कामापुढे शून्य लिहायचं असतं. मी नोकरीसाठी इथे आले, इथेच लग्न झालं, शाळेतून घरी आल्यावर दोन वेळचा स्वयंपाक, सासूचं दुखणं, आणि त्याचा हिशेब मनात आला की लाज वाटायची. दिनूच्या आईने हिशेब केला नव्हता ना! ती लाज माझ्यात त्या गोष्टीने घातली असं मी म्हणत नाही, समाज होताच. पण गोष्टीने तिला सुंदर केलं. सुंदर केलेली गोष्ट काढून टाकणं अवघड असतं.

मी : हाच परिणाम, आत्या. तू गेला तासभर नाकारते आहेस तो.

आत्या : मी परिणाम नाकारत नाही. तो चांगलाच असतो हे नाकारते. तुम्ही लोक शाळेतल्या साहित्याबद्दल बोलताना हळवे होता आणि असं धरून चालता की जे खोल गेलं ते भल्यासाठीच गेलं.

मी : मग 'श्यामची आई'बद्दलही तुझं हेच म्हणणं असेल.

आत्या : नाही. तिथे उलटं झालं आहे. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत लिहिली, पाचेक दिवसांत. माणूस आईच्या आठवणी इतक्या वेगाने लिहितो तेव्हा त्याला सजवायला वेळ नसतो. पोहण्याचा प्रसंग वाच. श्याम पोहायला जायला भितो, माळ्यावर लपतो. आई त्याला बाहेर काढून शिंपटीने मारते, लोकांनी माझ्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून. मग अंगावरचे वळ बघून तीच रडते. ही मारणारी आई पुस्तकात आहे. लोकांच्या मनात फक्त मऊ आई राहिली. वर्गात मी तो प्रसंग वाचून दाखवायचे तेव्हा मुली गप्प व्हायच्या, मुलं चुळबुळ करायची, आणि कुणीतरी विचारायचंच : बाई, हे बरोबर आहे का? मी उत्तर द्यायचे नाही. त्या तासाला वर्गात साहित्य होतं असं मला वाटायचं.

मी : गंमत बघ. 'दिनूचे बिल' अत्र्यांचं. 'श्यामची आई'वर १९५३ साली सिनेमा काढला तोही अत्र्यांनी. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. आणि तुझ्या जळगावच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट.

आत्या : म्हणूनच म्हणते, आपल्याला जे अंतरीचं वाटतं तेही कुणीतरी निवडून ठेवलेलं असतं. पूर्वी निदान वेगवेगळ्या वाचनमाला होत्या. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ झालं, मग सबंध राज्याला एक पुस्तक.

मी : मला त्यात बळ दिसतं. गडचिरोलीचा आणि सिंधुदुर्गाचा माणूस रेल्वेत समोरासमोर बसले आणि वय जुळत असलं तर दोघांना एकच धडा ठाऊक असतो. एवढ्या मोठ्या राज्यात दुसरं काय आहे असं, जे सगळ्यांनी मिळून वाचलंय?

आत्या : आणि जो त्या पुस्तकात नाही तो सगळीकडेच नाही. कितीतरी पोरं दहा वर्षं मराठी वाचतात आणि त्यांना आपली वस्ती, आपल्या घरातलं जेवण, आपल्या बापाचा धंदा एकाही पानावर भेटत नाही. हाही शाळेतल्या साहित्याचा परिणामच धर. न छापलेल्या पानांचा.

मी : पण ते बदललं. अण्णा भाऊ आले, नारायण सुर्वे आले, दलित आत्मकथनं आली.

आत्या : आली, आणि यायलाच हवी होती. पण पुस्तकात येणं आणि वर्गात येणं यात अंतर आहे. एकदा एका आत्मकथनातला उतारा होता, शाळेत वेगळं बसवण्याचा. वाचन सुरू झालं आणि पाऊण वर्ग मान वळवून एका मुलाकडे बघायला लागला. तो पुस्तकात बघत होता, पण ओळीवर बोट फिरत नव्हतं. ज्याच्यासाठी म्हणून तो धडा घातला, त्यालाच त्या तासाला कुठे जावं कळेना. मग मी वाचन थांबवलं आणि वर्गाला विचारलं की या उताऱ्यातल्या गुरुजींच्या जागी तुमचे आजोबा असते तर ते काय वागले असते, ते आज घरी विचारून या. बोट त्या मुलाकडून उचलून बाकीच्यांच्या घरांकडे नेलं. दुसऱ्या दिवशी दोन पालक भांडायला आले.

मी : आणि तो मुलगा?

आत्या : तो दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर बसला होता. पुढे त्याचं काय झालं मला ठाऊक नाही, म्हणून त्याची गोष्ट मी पूर्ण करणार नाही. मास्तरांना अशा गोष्टी पूर्ण करायची फार हौस असते.

इथे चहा झाला. माझी समजूत अशी की तिने आपली बाजू मांडून संपवली आहे. पण बहिणाबाईंचं नाव निघालं होतं, आणि जळगावात ते नाव नुसतं निघून थांबत नाही. आसोद्यात १८८० साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली शेतकरीण. तिची गाणी इतरांनी लिहून घेतली म्हणून उरली, आणि २०१८पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तिचं नाव आहे. जिला शाळा मिळाली नाही ती शाळेच्या पुस्तकातून महाराष्ट्राला भेटते, हे मला साध्या अभिमानापेक्षा मोठं वाटतं.

आत्या : माझं माहेर नाशिकचं. इकडची बोली कानाला कळायची, जिभेवर बसलेली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला मी बहिणाबाईंची कविता वर्गात वाचली, सुगरणीच्या घरट्याची. शुद्ध, स्वच्छ, आम्हाला डी.एड.-बी.एड.ला शिकवतात तशी. मागून एक मुलगी म्हणाली, “बाई, असं नाई म्हनत.” मी म्हटलं, मग कसं? ती उभी राहिली आणि पुस्तक न बघता म्हणाली. ‘ळ’ गेला, ‘य’ आला, ठेका बदलला, आणि ती कविता एकदम कुणाच्या तरी चुलीपाशी जाऊन बसली. तिची आजी म्हणायची तसं ती म्हणत होती. त्या मुलीला मराठीत कधी बरे गुण नव्हते, कारण ती बोलायची तसं लिहायची. त्या दिवशी सगळ्या वर्गात मराठी तिलाच येत होतं.

मी : मग याला तरी परिणाम म्हणशील?

आत्या : म्हणेन. पण कुणावर? त्या मुलीचं मी सांगू शकत नाही. माझं सांगू शकते. त्यानंतर बोलीत लिहिलं म्हणून मी कुणाच्या वहीवर लाल रेघ मारली नाही. प्रमाण रूप शेजारी लिहून द्यायचे, पेपरात ते लागतं म्हणून. रेघ मात्र नाही. तुम्ही सगळे विद्यार्थ्यांवरच्या परिणामाबद्दल बोलता. धडा पोराला एका वर्षी भेटतो आणि पुस्तक मिटतं. मला तो दरवर्षी भेटत होता, आणि दरवर्षी मी वेगळी होते. कृ. ब. निकुम्बांची ती कविता, सासरी असलेली मुलगी वाऱ्याला माहेरी पाठवते ती. मी शिकवायला लागले तेव्हा अविवाहित होते. छान चालीत म्हणायचे, पोरींना नादमाधुर्य समजवायचे. लग्नानंतर म्हणताना मध्ये थांबावं लागायचं. आई गेली त्या वर्षी मी ती म्हटलीच नाही, एका मुलीला उभं करून म्हणायला लावली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. कविता तीच, पानसुद्धा तेच. वाऱ्याने माहेरी जावं हे म्हणायला माहेरी कुणी असावं लागतं, हे मला कुठल्या समीक्षेने सांगितलं नव्हतं.

मी : आत्या, तू तर माझाच मुद्दा मांडलास. मजकूर मनात पडून असतो आणि आयुष्य येऊन तो उघडतं.

आत्या : नाही. तू म्हणतोस एकदा वाचलेलं पुरतं. मी म्हणते, पुरत नाही. मला तो पुन्हा पुन्हा वाचावा लागला, नोकरी म्हणून का होईना, म्हणून तो उघडला. ज्यांना दुसऱ्यांदा वाचायला मिळत नाही त्यांच्यात तो तसाच बंद राहतो. तुझं टोमॅटोचं पीक तुझ्यासमोर दरवर्षी येतं, म्हणून तुझी कथा उघडी राहिली. तू पुण्यात संगणकावर बसला असतास तर ‘लाल चिखल’ मेळाव्यात सांगायची आठवण झाली असती.

याला मी काही बोललो नाही. ते खरं असू शकतं. पण जो पुण्यात संगणकावर बसला आहे त्याने कधी भाजीबाजारात टोमॅटोचा भाव पाडून मागताना हात आखडला असेल, ही शक्यता मी सोडायला तयार नाही. अशा हात आखडण्याची नोंद कुठे होत नाही. ज्याचा हात आखडतो त्यालाही दर वेळी कारण आठवत नाही. शाळेतल्या साहित्यावर माझा भरवसा आहे तो या बिननोंदीच्या जागेवर, आणि तो आत्यासारख्या जाणत्या माणसालाही मला सिद्ध करून दाखवता येत नाही.

मी : समजा तुला पुस्तक करायला दिलं, तर काय करशील?

आत्या : पाठांतर परत आणीन. आमच्या काळी त्याचा अतिरेक होता म्हणून तुम्ही ते पार काढून टाकलंत. चौदा वर्षांच्या पोराला रसग्रहण मागू नये. त्याच्याकडे अजून रस कशात घालायचा ते भांडंच तयार नसतं. त्याला कविता तोंडपाठ द्यावी आणि सोडून द्यावं. पुस्तक दुसऱ्यांदा हातात येणार नसेल तर निदान ती जिभेवर तरी असू दे. आणि प्रत्येक पुस्तकात काही पानं अशी असावीत की ज्यांखाली एकही प्रश्न नाही. स्थूलवाचन त्यासाठीच असायला हवं होतं. त्यालाही आपण सहा गुण लावले.

मी : गुण नसले तर शाळा ती पानं उघडणारच नाहीत. तुला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आत्या : ठाऊक आहे. तरी असावीत. एखादं पोर कंटाळलेल्या तासाला चोरून उघडेल.

मी : आणि 'दिनूचे बिल'? काढून टाकशील?

आत्या : मुळीच नाही. काढलं तर माझ्यासारखीला भांडायला काय उरेल? गोष्ट ठेवायची, अत्र्यांचा एक शब्द न बदलता. फक्त वर्गात ती वाचून झाली की पोरांना आईच्या बिलातले आकडे भरून आणायला सांगायचे. पोळ्यांची बाई महिन्याला किती घेते, आजारी माणसापाशी रात्रभर बसायचे किती पडतात, घरी विचारून.

मी : मग गोष्टीतलं सगळं कारुण्य जाईल. आईने काही न मागणं हाच तर तिचा प्राण आहे.

आत्या : जाणार नाही. आकडा केवढा होतो ते बघितल्यावर तिने तो लिहिला नाही याचं पोराला जास्तच वाटेल. आणि मुलींना वाटेल की तिने लिहायला हवा होता. दोघांनी वर्गात भांडावं.

मी : आणि कृतिपत्रिकेत काय विचारशील?

आत्या : आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण. पण ‘आवडली नाही’ म्हणणाऱ्याची वही आधी वाचीन.